काम देणाऱ्याचं नाव

गुरुवार, नऊ ऑक्टोबर. सकाळी साडेदहा. अक्कलकुव्यापासून जीपने दीड तास आणि पुढे पायी चाळीस मिनिटं, डोंगरातला एक पाडा.

हजर: मी, तालुका कोर्टात कायदेविषयक मदतीसाठी नेमलेली स्वयंसेविका. ज्याच्यासाठी जमलो त्याची बायको. त्याची मुलगी, आश्रमशाळेत नववीत, दुभाषी म्हणून. गावाचा कारभारी, वय विचारलं की नुसता हसणारा म्हातारा. ज्याच्यासाठी जमलो त्याचा चुलता, म्हणजे ज्याचा जीव गेला त्या मुलाचा बाप. शिवाय अकरा माणसं, सात पुरुष आणि चार बाया. या अकरा जणांची घरं त्याने बांधली आहेत.

गैरहजर: ग्रामसेवक, दोनदा निरोप देऊनही. आणि ज्याच्यासाठी जमलो तो. तो तुरुंगात आहे.

हजर कोण, गैरहजर कोण, काय ठरलं, काय राहिलं, हे लिहून ठेवायची माझी सवय जुनी आहे. मी ब्राह्मणपुरीची मुलगी, कळसाडीची सून. दोन्हीकडे शेती मोठी, गडी माणसं पुष्कळ, तेव्हा यादीशिवाय सकाळ उजाडत नसे. आता आम्ही अक्कलकुव्यात राहतो आणि आमचे हे रोज सकाळी म्हणतात, "तुन्ही यादी काही सरस नही आनि मन्हा चहा काही येस नही." चहा त्यांना स्वतःला उत्तम करता येतो. पण ते त्यांच्या कुठल्या दाखल्यावर लिहिलेलं नाही, आणि या टिपणात मला तेवढंच सांगायचं आहे: जे येतं ते लिहिलेलं नसलं की काय होतं.

आधी त्याच्याबद्दल. मोहाच्या एका झाडाची फुलं कोणी वेचायची यावरून भांडण झालं, त्याने दांडका मारला आणि चुलतभाऊ मेला. दहा वर्षांची शिक्षा लागली, चार झाली. शिक्षा कमी की जास्त हा माझा विषय नाही. कोर्टाने ठरवलं, त्यानेही कधी तक्रार केली नाही. माझा विषय त्याच्या शिक्षेच्या आतला आहे. सक्तमजुरी म्हणजे काम करायचं, आणि त्या कामाचा रोज मिळतो. कुशल, अर्धकुशल, अकुशल असे तीन दर. अकुशल आणि कुशल यांच्यातला फरक म्हणजे आमच्या स्टँडवर एक कट चहा आणि एक प्लेट भजी.

या चहा-भज्यांवर काय अडलं आहे तेही आत्ताच सांगते.

गुजरातेत ऊसतोडीला जाणाऱ्या टोळीत माणूस मोजत नाहीत, कोयता मोजतात. एक कोयता म्हणजे एक जोडी, बहुतेक नवरा-बायको. एकाने तोडायचं, दुसऱ्याने मोळी बांधायची. नवरा आत गेल्यापासून चार हंगाम ही बाई धाकट्या भावाबरोबर जोडी करून गेली. यंदा वैशाखात भावाचं लग्न झालं. त्याचा कोयता त्याच्या बायकोबरोबर पूर्ण झाला. मग पावसाळ्यात टोळीचा मुकादम उचल, म्हणजे हंगामाची आगाऊ रक्कम, ठरवायला पाड्यावर आला, तेव्हा बाई म्हणाली, "मला जोडी नाही." मुकादमाने अंगणात शेण सारवत बसलेल्या मुलीकडे पाहिलं आणि म्हणाला, "ही आहे ना."

नववीतली मुलगी. वर्गात गणितात पहिली. मुकादमाला ती अर्धा कोयता दिसली.

बाई मुलीला घेऊन कोर्टात माझ्याकडे आली आणि तिने बोटांवर मोजून मला दाखवलं. घरची ज्वारी थोडी आहे, उडीद आहे, डोंगरातून डिंक आणि मोहफुलं मिळतात. नवऱ्याचा रोज कुशलाचा झाला, तर तिकडून येणाऱ्या पैशांत तेल, मीठ, साबण आणि मुलीच्या शाळेचं येणंजाणं बसतं. नाही झाला तर बसत नाही. एवढं सोपं. म्हणून जुलैमध्ये आम्ही तिघी तुरुंगात गेलो.

तुरुंग जिल्ह्याबाहेर आहे, दोन एसट्या बदलून. मुलाखत काचेआडून, फोनवर. त्याने पहिला प्रश्न विचारला तो कौलांचा. पावसाआधी परतली का, मागच्या बाजूला गळतं का. बाई त्यांच्या बोलीत उत्तर देऊ लागली तसा मागचा शिपाई म्हणाला, "मराठीत बोला, मराठीत." बाईला मराठी येत नाही. तिने फोन मुलीकडे दिला आणि उरलेला वेळ काचेवर तळवा ठेवून बसून राहिली. एवढ्या लांबून आलेली बाई नवऱ्याशी दोन वाक्यं बोलली.

फोन माझ्याकडे आला तेव्हा मी माझ्या क्रमाने विचारलं. तब्येत? बरी. काम? सुतारकाम विभागात, टेबलं आणि बाकं.

"नवीन पोरं येतात," तो म्हणाला, "त्यांना खाच पाडता येत नाही. खिळा ठोकतात. मी दाखवतो. एका लाकडाचा कुसू दुसऱ्याच्या खाचेत असा बसला पाहिजे की पाऊस लागला तर अजून घट्ट होईल. आता तीन जण शिकले. ते कुशल झाले."

"आणि तू?"

"मी अकुशल."

"तू त्यांना शिकवतोस आणि तू अकुशल?"

"मला वाटलं, आमच्या लोकांना तेच लिहितात."

त्याने हे कुरकुरत सांगितलं असतं तर मला चाललं असतं. त्याने ते मला समजावून सांगितलं. तिथे तो मराठी शिकला आहे, चांगली बोलतो. चार वर्षांपूर्वी त्याला मराठी येत असती, तर पुढचं कदाचित घडलं नसतं.

मी कचेरीत गेले. तिथला लिपिक दमलेला होता, पण वाईट माणूस नव्हता. त्याने नोंदवही काढली, बोट फिरवलं आणि वाचून दाखवलं: व्यवसाय, मोलमजुरी. येत असलेलं काम, काही नाही.

"हे तुम्ही कशावरून लिहिलं?"

"आम्ही कशाला लिहितो, मॅडम? कोर्टाकडून कागद येतात त्यावरून उतरवतो." त्याने फाइल उघडून मूळ कागद माझ्यापुढे सरकवला.

अक्षर माझं होतं. माझ्या 'ज'ची शेपटी खाली लांब जाते, शाळेपासून, मास्तरांनी पट्ट्या मारूनही गेली नाही. 'मोलमजुरी'तला तो 'ज' मी दुरूनच ओळखला.

तो दिवस मला आठवतो. कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर बसून मी मदतीचे अर्ज भरत होते, एकूण चौदा. हा आला तेव्हा हातात बेडी, बाजूला हवालदार, आणि आमच्या मध्ये त्या हवालदाराची मोडकीतोडकी भिली. मी विचारलं, धंदा काय? उत्तर आलं, काही नाही. मी विचारलं, कोणत्या कामाचे पैसे मिळतात? उत्तर आलं, ऊस तोडतो तेव्हा. मी विचारलं, दुसरं काही येतं, ज्याचे कोणी पैसे देतं? तो विचार करून म्हणाला, नाही.

त्याने खरं उत्तर दिलं होतं. प्रश्न चुकीचा होता. त्याने घरं बांधली होती, आख्ख्या पाड्याची, पण त्याचे पैसे कोणी दिले नव्हते आणि त्याने घेतले नव्हते, कारण डोंगरात घराचे पैसे घेतच नाहीत. तिथे लाह बोलावतात. ज्याला घर बांधायचं तो सगळ्यांना सांगतो, घरटी एक माणूस येतो, बाया माती कालवतात, पुरुष खांब उभे करतात, ज्याला लाकडातलं कळतं तो सांगतो तसं बाकीचे करतात, आणि घरधनी जेवू घालतो. उडदाची डाळ, भाकर, जमलं तर बकरा, आणि मोहाची दारू. उद्या तुमचं घर असेल तेव्हा मी येईन. बस. याला धंदा म्हणायचं हे त्याच्या डोक्यातच येणं शक्य नव्हतं. त्यांच्यातल्या कोणीही हेच उत्तर दिलं असतं.

पण माझं काय? मी या जिल्ह्यातच जन्मले. डोंगरातली माणसं आमच्या कपाशीत आणि उसात आयुष्यभर राबताना पाहिली. एकाही माणसाला मी विचारलं नव्हतं की तुझं घर कोणी बांधलं. त्या दिवशी चौदा अर्ज भरले आणि चौदाही जणांच्या पुढे मोलमजुरी लिहिलं. जेवायच्या सुट्टीआधी काम उरकलं आणि वहीत बरोबरची खूण केली. ती वही माझ्याकडे अजून आहे. खूण ठसठशीत आहे.

"वर्ग बदलता येईल?" मी लिपिकाला विचारलं.

"कारखान्यातले मास्तर उद्या चाचणी घेतील, तो डोळे मिटून पास होईल. पण मूळ नोंद बदलायची तर बाहेरच्या कामाचा दाखला लागतो." त्याने छापील नमुना दिला. "हा भरून, ग्रामसेवकाचा शिक्का घेऊन आणा. महिनाअखेरीला वर्गवारीची बैठक असते, त्यात ठेवू."

"अहो, चार वर्षं तो तुमच्याच आवारात टेबलं करतोय. ती टेबलं सरकारी कचेऱ्यांत जातात. त्याला सुतारकाम येतं याचा पुरावा मी डोंगरातून आणू?"

"टेबलावर सही नसते ना, मॅडम," तो म्हणाला, आणि मला पाणी दिलं.

बाहेर पडल्यावर बाईने मुलीला काहीतरी विचारलं. मुलगी म्हणाली, "आई विचारते, तुम्ही का रागावल्या? त्यांनी तर पाणी दिलं."

ऑगस्टभर त्या वाटेवर दरडी होत्या, सप्टेंबरात मी आजारी. शेवटी नऊ ऑक्टोबरला पाड्यावर पोचले. ज्या घराच्या ओट्यावर बसलो ते चुलत्याचं घर. मी त्या घराकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. मधला खांब सागाचा, वर दुबेळका, म्हणजे दोन फाट्यांचं टोक, त्यात आढं असं बसवलेलं की मध्ये सुरीचं पातंही जाणार नाही. कुठे खिळा नाही.

नमुन्यातले पाच रकाने भराभर झाले. नाव, वय, कामाचा प्रकार, किती कामं, कोणत्या काळात. काळ सांगताना गंमत झाली. साल कोणाला माहीत नव्हतं. "माझं घर, ज्या वर्षी वाघाने हिची शेळी नेली तेव्हा," एक जण म्हणाला. त्यावर ती शेळीवाली म्हणाली, "वाघ कुठला, यानेच खाल्ली." सगळे हसले, कारभारी सर्वांत जास्त. मी शेळीवरून, लग्नांवरून आणि आश्रमशाळेची इमारत झाली त्यावरून सालं काढली. बारा घरं, चुलत्याचं धरून.

मग रकाना सहा. काम देणाऱ्याचं नाव व दिलेली मजुरी.

मुलीने तो वाचला आणि त्यांच्या बोलीत सांगितला. पुन्हा हशा. कारभारी म्हणाला, आणि मुलीने मला तसंच सांगितलं, "लिहा, दोन कोंबड्या, एक हंडा दारू आणि पाठीत धपाटे."

मी हसले नाही. मला चार वाजताची जीप गाठायची होती. मी व्यवहारी बाई आहे, अडलेलं काम कसं सोडवायचं ते मला कळतं. मी मुलीला म्हटलं, "यांना सांग, प्रत्येकाने म्हणायचं, मी त्याला रोजाने बोलावलं आणि इतके इतके रुपये दिले. आकडा मी सांगते. सगळ्यांचा सारखा हवा."

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. "हे सांगू?"

"सांग."

तिने सांगितलं, खाली बघून. मग शेळीवाली बाई उठून उभी राहिली आणि माझ्याशी बोटं नाचवत बोलली. मुलगी अडखळत म्हणाली, "ती म्हणते, मी त्याला विकत घेतला होता असं लिहिणार का? माझ्या घरात तो भावासारखा जेवला."

"कागदावर लिहायचंय फक्त," मी म्हटलं.

तेव्हा त्याची बायको बोलली. इतका वेळ ती खांबाला टेकून बसली होती. ती सगळ्या गावावर ओरडली. मुलीने भाषांतर केलं नाही, मला मागावं लागलं. "आई म्हणते, लिहा. ताई म्हणते ते लिहा. तुमची इज्जत तुमच्याजवळ ठेवा. ऊस तोडायला माझी पोरगी जाणार आहे, तुमची नाही." स्वतःबद्दलचं हे वाक्य मुलीने स्वतःच माझ्यासाठी मराठीत केलं, सपाट आवाजात, धडा वाचावा तसं.

मी पेन उघडलं. तिच्या बाजूने मी होते, अजूनही आहे.

चुलता बोलला तेव्हा मी त्याच्याकडे पाहायचं टाळत होते. त्याचा मुलगा मेला आहे. त्याला मी मारणाऱ्याच्या बाजूने साक्ष द्यायला बोलावलं होतं आणि तो आला होता, एवढ्यानेच मला अवघडायला झालं होतं. तो हळू बोलला, थांबत थांबत, मुलीला वेळ देत.

"माझा मुलगा त्याच्या हातून गेला. हे घर त्याच्या हातचं आहे. मी दोन्ही सांगतो, कोर्टात पहिलं सांगितलं, आज दुसरं सांगतो. पैसे दिले हे सांगणार नाही. ते झालंच नाही."

बाई त्याच्याकडे पाहत राहिली आणि मग तोंड फिरवून बसली. तिचं समाधान झालं नव्हतं.

शेवटी कारभाऱ्याने तोड काढली. काम देणाऱ्याचं नाव: गाव. मजुरी: लाह. मी तसं लिहिलं आणि खाली चार ओळींत लाह म्हणजे काय ते लिहिलं. बारा घरधन्यांचे अंगठे आणि सह्या, कारभाऱ्याचा अंगठा वेगळा. बारांतल्या पाच सह्या, सात अंगठे. चुलत्याने सही केली. त्याला सही येते हे मला माहीत नव्हतं. तेही मी विचारलं नव्हतं.

निघताना बाईने मला वाटेपर्यंत सोडलं. मुलगी मध्ये. "आई विचारते, महिनाअखेरीला होईल ना?"

"होईल," मी म्हटलं.

हा शब्द मी वहीत लिहिलेला नाही. पण दिला मीच.

सोमवारी ग्रामसेवकाला गाठलं. भाऊसाहेब खुर्चीत मागे रेलून होते. त्यांनी कागद वाचला, पुन्हा वाचला.

"मॅडम, लाह म्हणजे काय? कोणत्या शासन निर्णयात आहे हे?"

"खाली लिहिलंय."

"वाचलं ते. पण मजुरी घेतली नाही तर अनुभव कसला? माझी बायको घरी रोज स्वयंपाक करते. तिला मी आचारी असल्याचा दाखला देऊ काय?"

"द्या की. शिक्का तुमच्याकडेच आहे."

ते हसले. मग टेबलावर वाकून घरच्या बोलीत, आपलेपणाने म्हणाले, "ताई, तुम्ही भी कळसाडीन्या ना? मंग तुमले समजाले पाहिजे. एखादा ठेकेदारनं नाव टाकी द्या, मी आत्तेच शिक्का मारस."

शिक्का टेबलावरच होता, शाईच्या पॅडशेजारी. खोटं लिहिलं असतं तर तो दोन सेकंदांत उमटला असता. माझ्याकडे तेरा माणसांच्या सह्या-अंगठ्यांचं खरं होतं, ते चालत नव्हतं. आणि मला सर्वांत जास्त चीड कशाची आली सांगू? हाच सल्ला चार दिवसांपूर्वी मी डोंगरात जाऊन दिला होता. भाऊसाहेब आणि मी एकाच शाळेत शिकल्यासारखे होतो.

मी कागद उचलला आणि पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांच्या नावे अर्ज केला. दोन प्रती, पोच घेतली. दिवाळीच्या आत निकाल द्या असं तोंडी सांगितलं. दिवाळी गेली. महिनाअखेर गेली. तुरुंगातली बैठक त्या कागदाशिवाय झाली असणार, मी लिपिकाला फोन लावला तर तो म्हणाला, "पुढच्या महिन्यात ठेवू, मॅडम. बैठक दर महिन्याला असते."

दर महिन्याला असते. उसाची गाडी दर महिन्याला नसते.

पहिली गाडी नोव्हेंबरच्या सतरा तारखेला गेली. आदल्या दिवशी मुकादम पाड्यावर उचल घेऊन आला होता. बाईने घेतली नाही. हे मला तिच्या भावाने गाडीत बसायच्या आधी स्टँडवर सांगितलं, नवी बायको शेजारी, गाठोड्यावर बसलेली. "बहिणीने मुकादमाला परत पाठवलं. म्हणाली, कोर्टाच्या ताईने शब्द दिलाय." मुकादम म्हणाला, पौर्णिमेनंतर दुसरी गाडी काढतो, तेव्हा उचल कमी मिळेल, विचार कर. बाईकडे आता भाऊ नाही, उचल नाही. घरात ज्वारी किती उरली आहे ते मला माहीत आहे, मी पाहिली आहे.

दिवाळीला कळसाडीला गेले तर तिथेही हाच विषय. जाऊबाई करंज्या तळत म्हणाल्या, "त्यासले बसीसन फुकट खावाले भेटस, वरतीन पगार बी पाहिजे? खून करेल माणूसले?"

"खाणं त्याला मिळतं," मी म्हटलं. "त्याच्या मुलीला मिळत नाही."

"मंग त्यानी आधी इचार कराले पाहिजे व्हता."

"त्याची शिक्षा त्याला झाली ना? मुलीला कोणत्या कोर्टाने सुनावली?"

माझा आवाज चढला असावा, कारण पडवीतून आमच्या ह्यांनी हाक मारली आणि चक्क म्हणाले, चहा मी करतो. जाऊबाईंनी करंजी उलटली. त्या वाईट नाहीत. त्यांच्या उसातही कोयता लागतो, आणि तो कोणाच्या घरातून येतो हे विचारायची त्यांना कधी गरज पडली नाही. पाच वर्षांपूर्वी मलाही पडली नव्हती.

मी माझ्यापुरती एक गोष्ट बदलली. आता अर्ज भरताना मी एक प्रश्न जास्त विचारते: पैसे न घेता कोणतं काम करतोस? गेल्या पंधरवड्यातच एक जण निघाला जो विहिरीचं दगडी बांधकाम करतो, आणि एक बाई जी बाळंतपणं करते. दोघांपुढेही मी आधी मोलमजुरीच लिहिणार होते. जुन्या चौदा अर्जांपैकी बाकीच्या तेरा जणांची यादी काढून ठेवली आहे. कोण सुटलं, कोण अजून आत आहे, कोणत्या वर्गात आहे, ते एकेक विचारते आहे. हे अर्ज मी ज्या बाकावर बसून भरते, त्याच्या खाली तुरुंगाच्या कारखान्याचं चिन्ह डागलेलं आहे. पडलेलं पेन उचलताना दिसलं. बाक भक्कम आहे. कोणी केला ते लिहिलेलं नाही.

परवा पंचायत समितीत गेले तर कागद परत हाती दिला. वर लाल पेन्सिलीने शेरा: रकाना सहा नियमाप्रमाणे भरावा. सही नाही, नुसता फराटा. मी तिथेच टेबलावर तो कागद आपटला आणि म्हटलं, नियमात लाह बसत नसेल तर नियम दाखवा, छापील दाखवा. साहेब बाहेरगावी होते. शिपाई म्हणाला, "ताई, आमच्यावर कशाला ओरडता?" बरोबर होतं त्याचं. मी त्याची माफी मागितली आणि साहेबांची वेळ घेतली.

काल संध्याकाळी फोन आला. आश्रमशाळेतल्या बाईंच्या फोनवरून ती मुलगी.

"ताई, घटक चाचणी झाली. गणितात पूर्ण मार्क."

"शाब्बास."

"ताई, पौर्णिमा कधी आहे?"

भिंतीवर कालनिर्णयासारखं मोठं कॅलेंडर आहे, त्यावर लाल गोल मीच काढलेला आहे. मी तारीख सांगितली. ती म्हणाली, "बरं." पलीकडे कोणीतरी तिला फोन ठेव म्हणून घाई करत होतं. "आईला सांगू का काही?"

"सांग, सोमवारी मी साहेबांना भेटते."

सोमवार. सकाळी दहा. पंचायत समिती.
सोबत न्यायचं: मूळ दाखला. तेरा सह्या-अंगठ्यांची प्रत. लाहेबद्दलच्या चार ओळी, टाइप करून. चुलत्याच्या घराच्या खांबाचे फोटो, तीन. तुरुंगातल्या मास्तरांचं चाचणीचं पत्र, आलं तर.
रकाना सहा: भरलेला आहे, बदलणार नाही.
शिक्का: बाकी.